ती भाडं कशी भरते?

पिक्चर संपला, लाइट लागले आणि पडद्यावर दिग्दर्शकाचा चेहरा आला, व्हिडिओ कॉलवर. तिकडे पहाट असावी, कारण बिचारा जांभया गिळत होता आणि त्याच्या मागच्या खिडकीत अजून अंधार होता. फेस्टिव्हलमध्ये असतात तसे पहिले दोन-तीन प्रश्न ठरलेलेच होते, रंगांबद्दल, शांततेबद्दल, शेवटच्या शॉटमध्ये उडणारे पक्षी म्हणजे नक्की काय वगैरे. मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी माइक मागितला. साठीच्या असतील, मांडीवर पर्स, चष्मा डोक्यावर सरकवलेला. प्रस्तावना नाही, पिक्चर किती आवडला ते नाही, काही नाही. सरळ विचारलं की ही मुलगी घराचं भाडं कशी भरते?

हॉल हसला. वाईट हसला असं नाही, पण मोठ्यांच्या गप्पांत एखाद्या लहान मुलाने मधेच तोंड घातल्यावर हसतात ना, तसा. दिग्दर्शकही हसला. म्हणाला, चांगला प्रश्न आहे, पण मला ती गोष्ट सांगायची नव्हती, मला तिच्या आतला एकटेपणा पकडायचा होता. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, अशा वेळी हात आपोआप वाजतात. बाईंनी मान हलवली, माइक शेजारच्याकडे दिला आणि पर्समधून मोबाइल काढून वेळ बघितली.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. पिक्चर बराचसा पुसट झालाय, पण तो प्रश्न आहे तिथेच आहे.

पिक्चरचं नाव लिहीत नाही. त्याचा पहिलाच पिक्चर, पैसे नव्हतेच, अजून धड कुठे लागलेला नाही, त्यात मी इथे बसून नावानिशी धुतला तर कुणाचं काय भलं होणार. गोष्ट अशी की पंचविशीतली एक मुलगी न्यूयॉर्कला येते. कुठून येते ते कळत नाही, मुद्दाम कळू दिलेलं नाही, आईशी फोनवर बोलते तेही तुटक इंग्रजीत (आईशी! इंग्रजीत!) आणि तिचा अ‍ॅक्सेंट असा आहे की तो युरोपातला म्हणा, लॅटिन अमेरिकेतला म्हणा, कुठलाही म्हणा. क्वीन्समध्ये राहते, म्हणजे न्यूयॉर्कच्याच एका भागात. एकटी. मोठ्या खिडकीच्या खोलीत. त्या खिडकीशी बसून बाहेर बघते, खूप बघते. मग चालते. मग ट्रेनच्या खिडकीतून बघते. हिवाळ्यात कोनी आयलंडला जाऊन समुद्राकडे बघते, जिथे न्यूयॉर्कच्या प्रत्येक सिनेमातलं प्रत्येक दुःखी माणूस एकदा जाऊन येतं. शेजारी एक म्हातारा राहतो, त्याच्याकडे कुत्रा असतो, म्हातारा मरतो, कुत्रा हिच्याकडे येतो. काम करते असं आपण धरून चालायचं, कारण एकदा ती केस बांधते, एप्रन घालते आणि दार उघडून बाहेर जाते. दार बंद. पुढच्या सीनला ती परत खोलीत, थकलेली.

मधले आठ-दहा तास कुठे गेले? ती गेली कुठे होती?

मला आधी वाटलं की हे पैशामुळे झालं असणार. लो-बजेटमध्ये दुकान मिळवायचं, किचन मिळवायचं, एक्स्ट्रा आणायचे म्हणजे खर्च. आणि हे खोटं नाहीच. अशा पिक्चरांची उदासी कुठून येते याचा विचार करायला लागलं की गंमत वाटते, कारण त्यातली बरीचशी उदासी हिशोबातून आलेली असते. खिडकीशी बसलेली नटी, कारण खिडकीतून येणारा उजेड फुकट. फोनवरचं बोलणं, कारण पलीकडचं माणूस दाखवावं लागत नाही, आवाज नंतर कुणाचाही टाकता येतो. रस्त्यावरून एकटीचं चालणं, कारण न्यूयॉर्कमध्ये हातात कॅमेरा किंवा फार तर ट्रायपॉड घेऊन शूट करायचं असेल, रस्ता अडवायचा नसेल, गाड्या लावायच्या नसतील, तर शहराचं परमिट लागत नाही. एकच खोली, कारण दिवसात एकदा जरी सगळं सामान घेऊन दुसऱ्या लोकेशनला जायचं म्हटलं तरी अर्धा दिवस पाण्यात. गाणं नाही, नुसता पियानो, कारण गाण्याचे हक्क परवडत नाहीत. म्हातारा सुद्धा दोनच सीनला असतो आणि मरतो, मला तर वाटतं त्याच्या तारखाच तेवढ्या मिळाल्या असतील. आणि मग हे सगळं एकत्र करून आपण त्याला स्थलांतरितांचा एकटेपणा म्हणतो आणि तिच्या आत शिरल्यासारखं वाटून घेतो.

हे लिहिताना मला त्या दिग्दर्शकाबद्दल जरा कसंतरी होतंय, कारण त्याने मेहनत केली होती ते दिसत होतं. कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरने जीव ओतला होता. साउंड चांगला होता, ट्रेनचा आवाज खोलीच्या भिंतीतून यायचा तो अगदी खरा होता. "प्रामाणिक प्रयत्न" हे दोन शब्द आपल्याकडे रिव्ह्यूमध्ये कधी लिहितात ते सगळ्यांना माहीत आहे, ते मी लिहिणार नाही, पण प्रामाणिक होता हो.

पण मग विचार येतो तो असा. तो माणूस, तो जांभया गिळणारा मुलगा, त्याला त्याच्या पिक्चरचा डॉलर न् डॉलर तोंडपाठ असणार. तिथल्या अभिनेत्यांच्या युनियनचा छोट्या सिनेमांसाठी वेगळा करार असतो, अल्ट्रा लो बजेट नावाचा, 3 लाख डॉलरच्या आतल्या सिनेमांसाठी, आणि हा त्याच्याही बराच खाली असेल असं पडद्यावरून वाटत होतं. लेन्सचं भाडं दिवसाचं किती, हार्ड डिस्क किती, शूट लांबलं तर ओव्हरटाइम किती, कुणाची गाडी फुकटात मिळेल, कुणाच्या घरात झोपता येईल, कुणाकडे परत पैसे मागायचे आणि कुणाकडे आता तोंड दाखवायची सोय नाही. पिक्चर करताना त्याने महिनोन्महिने दुसरा विचार केला नसेल. म्हणजे तो स्वतः त्या काळात अगदी त्याच्या हिरॉइनसारखा जगला असणार, परक्या लोकांपुढे हात पसरत, आकडे जुळवत. आणि लिहायला बसल्यावर त्याने तिच्या आयुष्यातून आकडेच काढून टाकले. का? कारण आकडे म्हणजे आतलं नाही, बाहेरचं, असं त्याला वाटतं. पैशाची काळजी ही भावना धरतच नाहीत लोक. एकटेपणा ही भावना, आठवण ही भावना, आणि पाच तारखेला भाडं द्यायचंय ही काय, माहिती?

उलट कितीतरी चांगले पिक्चर नेमके तिथेच सुरू होतात. शॉन बेकर आणि शिह-चिंग त्सो या दोघांनी 2004 मध्ये 'टेक आउट' केला, तो साधारण 3 हजार डॉलरमध्ये झाला म्हणतात. 3 हजार! मॅनहॅटनमधलं चालू चायनीज रेस्टॉरंट, खरी गिऱ्हाइकं येतायत, काउंटरवर त्याच दुकानात खरंच काम करणारी बाई, आणि मध्ये एक डिलिव्हरीवाला, ज्याला रात्रीपर्यंत 800 डॉलर गोळा करायचेत. बस एवढंच. हिरो फारसा बोलत नाही, पावसात सायकल चालवतो, दार उघडलं की पिशवी देतो आणि टिप किती मिळाली ते बघतो. त्याचं एकटेपण वेगळं दाखवायला लागत नाही, कारण प्रत्येक दार उघडतं आणि लागतं, आणि आपणही त्याच्याबरोबर मनात बेरीज करत असतो. तो पुरुष आहे, माझ्या पिक्चरमधली मुलगी आहे, हे मान्य, पण पैसे नव्हते हे कारण त्यानंतर देता येत नाही.

मुलीचंच हवं असेल तर जिम जार्मुशचा 'स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज' घ्या, 1984 चा. त्याचा पहिला भाग विम वेंडर्सकडे उरलेल्या फिल्मवर शूट केलेला, म्हणजे कच्चा माल सुद्धा दुसऱ्याचा. एका शॉटचा एक सीन, मग काळा पडदा, मग पुढचा शॉट. इव्हा नावाची मुलगी बुडापेस्टहून येते, कुठून तरी नाही, बुडापेस्टहून, आणि ते काम करणारी एस्थर बालिंट स्वतः लहानपणी आईवडिलांच्या नाटक मंडळीबरोबर हंगेरीतून न्यूयॉर्कला आलेली. ही इव्हा दुःखी वगैरे काही नाही. कंटाळलेली आहे. तिचा चुलतभाऊ तिला झटकायला बघतो, मग ती एकदा दुकानातून चोरून त्याच्यासाठी खायचं सामान आणि सिगारेट घेऊन येते आणि तिथून पुढे तो तिला जरा मान द्यायला लागतो. तो तिला एक भयाण ड्रेस भेट देतो, ती तो घालून निघते आणि रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून मोकळी होते. पुढे क्लीव्हलंडला हॉट डॉगच्या दुकानात नोकरी. मला ती मुलगी इतकी आवडते! कारण ती कुणाच्या सहानुभूतीला बसत नाही. ती आपल्याकडे बघतच नाही मुळी.

आमच्या पिक्चरमधली मुलगी मात्र सारखी आपल्याकडे बघत असते, म्हणजे खिडकीबाहेर बघते पण बघते आपल्याकडेच, की बघा मी किती एकटी आहे. ती दीड तासात एकदाही चिडत नाही, कुणाला शिवी देत नाही, खोटं बोलत नाही, कुणाचा हेवा करत नाही, कुणावर लाइन मारत नाही. चांगुलपणाशिवाय तिला काही दिलेलंच नाही. कुत्र्याला तिच्यापेक्षा जास्त स्वभाव आहे.

आणि ते कुठलीच नसणं. दिग्दर्शक कॉलवर म्हणाला की देश सांगितला नाही म्हणजे ती सगळ्यांची होते. संयुक्त राष्ट्रांच्या 2020 च्या आकडेवारीत आपला देश सोडून दुसऱ्या देशात राहणारी माणसं 28 कोटींच्या वर आहेत आणि त्यात जवळपास निम्म्या बायका. आता या सगळ्या बायकांची मिळून एक बाई करायची म्हटली तर ती खिडकीशीच बसणार, दुसरं करणार काय? कारण तिला कुठल्या दुकानात जायचं ते ठरवता येणार नाही, कुठल्या भाषेत शिवी द्यायची ते ठरवता येणार नाही, आणि व्हिसा कुठला तेही नाही. सेनेगलच्या उस्मान सेम्बेनने 1966 मध्ये 'ब्लॅक गर्ल' केला, मूळ फ्रेंच नाव वेगळं आहे, जेमतेम तासाभराचा पिक्चर. त्यातली दियुआना डाकारची आहे. डाकारमध्ये बायका काम मिळेल म्हणून फुटपाथवर बसलेल्या असतात, गोऱ्या बाई आल्या की सगळ्या उठून धावतात, ही धावत नाही, म्हणून हिलाच निवडतात. मग फ्रान्समध्ये, आंतिबला, समुद्राकाठच्या सुंदर गावात, तिला वाटत असतं मुलं सांभाळायची आहेत आणि प्रत्यक्षात फरशी पुसायची असते. ती फरशी पुसते ती चांगला ड्रेस आणि उंच टाचांचे सँडल घालून. मालकीणबाई तिला ते सँडल काढायला लावतात. झालं. दियुआनाच्या मनात काय चाललंय ते सांगणारा आवाज पिक्चरमध्ये आहे, पण तो नसता तरी त्या सँडलने काम भागलं असतं. शेवटी मालक तिच्या पगाराचे पैसे घेऊन डाकारला तिच्या आईकडे जातो आणि आई ते घेत नाही. नोटा दाखवल्या तर माणूस लहान होतं असं थोडंच आहे, त्या न घेतलेल्या नोटा बघताना माझा तर घसा दाटून आला होता.

आणि दार्देन बंधूंचा 'लॉर्नाज सायलेन्स' तर, 2008 चा, सुरूच होतो नोटा हाताळण्यापासून, बँकेच्या काउंटरवर. अल्बेनियाची मुलगी, बेल्जियममध्ये लिएझला, कागदोपत्री नवरा ड्रगच्या आहारी गेलेला, असली खोटी लग्नं लावायच्या धंद्यातले लोक त्याला ओव्हरडोस देऊन मारायच्या बेतात, म्हणजे हिला पुढचं लग्न लावून पुढच्या माणसाला नागरिकत्व विकता येईल. लॉर्ना चांगली आहे की वाईट हे ठरवता ठरवता आपली दमछाक होते, कारण तिला एक छोटं स्नॅक बार टाकायचंय आणि त्यासाठी ती बरंच काही चालवून घेते.

असो. मी याद्या करायला लागले की थांबत नाही.

परत क्वीन्सकडे येते. तिथे माझी आतेबहीण राहत होती, शिकायला गेली होती तेव्हा आणि नंतरही काही वर्षं. ताई त्या काळात फोनवर कधी उदास बोलली नाही असं नाही, पण तिच्या बोलण्यात सगळ्यात जास्त काय असायचं तर आकडे. आणि ते आकडे ती रडून नाही, चवीने सांगायची. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, तर ते 20 तास कसे लावायचे म्हणजे दोन शिफ्टच्या मध्ये लायब्ररीत झोपता येईल. लाँड्रीच्या मशीनला क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, लागायचे, तर ती क्वार्टर साठवायची, कुठेही सुटे घेताना क्वार्टरमध्ये मागायची, एका मोज्यात भरून ठेवायची, आणि रूममेटने त्यातले चार उचलले यावरून झालेलं भांडण तिने मला तासभर ऐकवलं होतं, म्हणजे एका डॉलरवरून! दोघी नंतर अनेक वर्षं मैत्रिणी राहिल्या, पण तो विषय निघाला की अजून ताईचा आवाज चढतो. त्या आवाजात घराची ओढ आहे, अपमान आहे, तारुण्य आहे, जे काय तुम्हाला आत शिरून शोधायचंय ते सगळं आहे, आणि ते सगळं त्या मोज्यात होतं.

खोली मिळवायची तिची कथा तर वेगळीच. न्यूयॉर्कमध्ये घरमालक सहसा बघतात की तुमचं वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या 40 पट आहे का, नसेल तर जामीनदार आणा, आणि त्याचं उत्पन्न साधारण 80 पट पाहिजे. क्रेडिट हिस्टरी पाहिजे, म्हणजे आधीची कर्जं-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद. नव्याने आलेल्या माणसाची हिस्टरी कुठून येणार, तिकडे त्याचा इतिहासच सुरू झालेला नसतो. मग लोक काय करतात, तर ज्याच्या नावावर लीज आहे अशा कुणाच्या तरी घरातली एक खोली, किंवा अर्धी खोली, किंवा हॉलमध्ये पडदा लावून केलेली खोली घेतात, रोख पैसे देऊन, कागदावर कुठेच नाव नाही. नाहीतर बेसमेंट. ताई काही महिने अशाच एका बेसमेंटमध्ये होती, वर छताजवळ एक आडवी फट होती आणि त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसायचे, बूट बघून बाहेर पाऊस आहे का ते कळायचं म्हणाली. सप्टेंबर 2021 मध्ये इडा वादळाचा पाऊस न्यूयॉर्कवर कोसळला तेव्हा शहरात जी माणसं गेली त्यातली बहुतेक अशा तळघरातल्या घरांत बुडून गेली, जास्त करून क्वीन्समध्ये. ताई तोवर तिथून कधीच निघालेली होती, पण त्या दिवशी तिने मला मेसेज केला होता, नुसती एक बातमी, खाली काही लिहिलं नव्हतं.

म्हणून ती मोठी खिडकी मला खुपली. क्वीन्समध्ये एकटीला, नव्याने आलेल्या मुलीला, मोठी खिडकी. ती खिडकी ही खरं तर पिक्चरमधली सगळ्यात महाग वस्तू आहे आणि दिग्दर्शकाला ते माहीत नाही, त्याच्यासाठी तो फुकटचा उजेड आहे.

रूझवेल्ट अव्हेन्यूवरून 7 नंबरची ट्रेन वरून जाते, खाली दुकानं, त्या शॉटमध्ये ती चालत जाते तेव्हा मागे दोन तरी पैसे पाठवायची दुकानं स्पष्ट दिसतात. कॅमेरा त्यांच्यावरून सरकतो. तिथे जर ती थांबली असती! आत गेली असती, रांगेत उभी राहिली असती, किती पाठवायचे ते मनात एकदा कमी करून परत वाढवलं असतं. 200 डॉलर पाठवायचे तर जगात सरासरी 6 टक्क्यांच्या वर खर्चातच जातात, वर्ल्ड बँक हे मोजत असते, आणि 2030 पर्यंत हा खर्च 3 टक्क्यांच्या खाली आणायचं असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवूनही झालंय. म्हणजे तिने बारा-तेरा डॉलर तिथेच ठेवले असते आणि मग आईला फोन केला असता. त्या फोनचा रंगच वेगळा झाला असता. आई म्हणाली असती पोचले, किंवा म्हणाली असती इतकेच का, किंवा काहीच म्हणाली नसती आणि भावाचा विषय काढला असता. पैसे पाठवणाऱ्या मुलीशी आई ज्या आवाजात बोलते तो आवाज, तो पकड ना बाबा, तुला आतलंच पाहिजे होतं ना.

पण एक सांगायलाच पाहिजे, आणि त्यामुळेच हा पिक्चर मला पूर्ण टाकता येत नाही. मध्यंतराच्या आसपास कधीतरी आईशी व्हिडिओ कॉल करायच्या आधी ती मोबाइल टेबलावर उभा करते, स्वतःला त्यात बघते, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतायत म्हणून उठते, ते काढत नाही, नुसते बाजूला सरकवते, जेवढे फ्रेममध्ये येतायत तेवढेच. मग परत बघते. मग कपाटाचा उघडा दरवाजा पायाने ढकलते. मग कॉल लावते. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद असेल. हे लिहिलेलं होतं की त्या नटीनेच केलं, कोण जाणे, मला तर वाटलं की तिचंच आहे, कारण बाकी पिक्चरभर कुणालाच असलं काही सुचलेलं नाही. त्या वीस सेकंदांत ती मुलगी हुशार होती, लबाड होती, घाईत होती, कुणाची तरी मुलगी होती. आणि मग आई दिसते आणि ती डोळ्यांत पाणी आणून म्हणते आय अ‍ॅम फाइन, आणि पियानो सुरू होतो, आणि गेलं. मी अक्षरशः खुर्चीत मागे टेकले. एवढं हातात आलेलं कसं सुटू देतात माणसं?

मी त्या बाईंना बाहेर शोधलं. म्हणजे मुद्दाम शोधलं असं नाही, जिन्यात गर्दी होती, चहाच्या टेबलाकडे बघितलं, त्या नव्हत्या. मला विचारायचं होतं की तुमचं कोण आहे तिकडे? कदाचित कुणीच नसेल. कदाचित त्यांनी स्वतः आयुष्यभर कुठेतरी भाडं भरलं असेल आणि तेवढं पुरत असेल असा प्रश्न पडायला.

मग रविवारी ताईशी बोलताना मी तिला सगळी स्टोरी सांगितली. ती आता वेगळ्या शहरात आहे, घर स्वतःचं आहे, हप्ते चालू आहेत. मी बाईंचा प्रश्न सांगितल्यावर हसेल असं वाटलं होतं, पण ती लगेच कामालाच लागली. एप्रन घालते म्हणजे कुठेतरी किचनमध्ये किंवा कॅफेत असणार, म्हणाली. मिनिमम वेज किती आहे आता तिकडे? मी बघून सांगितलं, 2025 मध्ये न्यूयॉर्क शहरात तासाला 16.50 डॉलर. तिने तोंडीच केलं, आठवड्याला 40 तास, 52 आठवडे, एकही सुट्टी नाही, 34,320. भागिले 40. महिना 858 डॉलर भाड्याचं घर कागदावर तिला मिळू शकतं. 858 मध्ये खिडकी? अगं वेडी का तू. बरं, समजा रोखीने काम करतेय तर तेही नाही, मग सबलेट, म्हणजे दुसऱ्या भाडेकरूकडून घेतलेली खोली. पण सबलेट तर एकटी नाही, मग तिची रूममेट कुठाय? रात्रीची शिफ्ट करत असेल, म्हणून दिसत नाही. किंवा ते घर त्या म्हाताऱ्याच्या ओळखीचं असेल. किंवा म्हातारा मेल्यावर ही त्याचं रेंट-स्टॅबिलाइज्ड, म्हणजे मालकाला भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही असलं, घर बळकावायच्या बेतात असेल, कुत्रा सांभाळते म्हणजे बिल्डिंगमधल्यांशी चांगलं नाव, हुशार आहे गं पोरगी!

मी हसत होते आणि ती थांबेना. पाच मिनिटांत तिने त्या मुलीला एक देश दिला (इक्वेडोर, कारण तिची एक रूममेट तिथली होती), एक न दिसणारी रूममेट दिली, म्हाताऱ्याचा एक पुतण्या दिला जो घर रिकामं करा म्हणून दारात येतो, आणि कुत्र्याचा इन्शुरन्स दिला. पुतण्या तर इतका नीच झाला की मला प्रत्यक्षात त्याचा राग यायला लागला. मी म्हटलं, ताई, तूच लिही ना. तर म्हणाली, लिहिते की, मला दुसरं काय काम आहे.

मग मी विचारलं की लिंक मिळाली तर पाठवू का, ऑनलाइन येईल कदाचित पुढच्या वर्षी. ताई म्हणाली, नको गं, दिवसभर ऑफिस करून वर ते कोण बघत बसणार. एखादा मर्डर-बिर्डर असलेला असेल तर सांग.